गल्लीत फायबर केव्हा येते?

शाळेच्या शिक्षककक्षात मधल्या सुट्टीत एक संवाद अलीकडे वारंवार ऐकू येतो. धुळ्याच्या नंबराच्या गल्लीत राहणारे सर सांगतात, "आमच्याकडे इंटरनेट देणारे तिघे-चौघे आहेत. एकाने त्रास दिला की दुसऱ्याला फोन करायचा." देवपूरच्या पुढे नवे घर बांधलेल्या बाई म्हणतात, "आमच्या कॉलनीत एकच आहे. तो सहा महिन्यांचे पैसे आधी मागतो, आणि तार ओढण्याचे वेगळे." जळगावातही तेच. जुन्या पेठांत एक चित्र आणि पिंप्राळा किंवा मेहरुण शिवारातल्या नव्या प्लॉटांवर दुसरे. दोघांचे पगार सारखे, शहर एक, मधले अंतर तीन किलोमीटर. मग असे का होते?

तार लांब न्यावी लागते म्हणून खर्च जास्त, हे उत्तर पटकन सुचते. ते एकेकाळी बरोबर होते. आज बहुतांशी चूक आहे, आणि ते का चूक आहे हे समजले की बाकीचे कोडे बरेचसे सुटते.

प्रथम जुन्या तारेकडे पाहू. आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले. त्यानंतर जवळजवळ दहा वर्षे ते टेलिफोनवरून नंबर फिरवून घ्यावे लागे. २००४ च्या सरकारी धोरणाने सेकंदाला २५६ किलोबिट एवढ्या वेगाला 'ब्रॉडबँड' म्हणायचे ठरवले, आणि जानेवारी २००५ पासून बीएसएनएलने ही सेवा टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून देण्यास सुरुवात केली. (ही व्याख्या २०२३ पासून सेकंदाला २ मेगाबिट अशी आहे.) तांब्याच्या जोडतारेतून जाणारा उच्च वारंवारतेचा विद्युतसंकेत फार लवकर क्षीण होतो. टेलिफोन केंद्राजवळच्या घरात वेग चांगला, तीन किलोमीटरवर बेताचा, पाचएक किलोमीटरवर कधी मिळे, कधी नाही. त्या काळात 'आपले घर एक्स्चेंजपासून किती लांब?' हाच खरा प्रश्न होता.

प्रकाशतंतूने, म्हणजे ज्याला बाजारात नुसते 'फायबर' म्हणतात त्याने, हा प्रश्न जवळजवळ संपवला. बारावीच्या विद्यार्थ्यांना याचा हिशेब करून दाखवता येईल. घरोघरी जाणाऱ्या फायबरच्या नेहमीच्या पद्धतीत केंद्रातून एकच तंतू निघतो आणि वस्तीजवळच्या डबीत त्यातला प्रकाश वाटला जातो. या वाटणाऱ्या काचेच्या तुकड्याला स्प्लिटर म्हणतात. त्याला वीज लागत नाही. प्रकाशाचे दोन समान भाग केले की प्रत्येक शाखेत निम्मी शक्ती उरते, म्हणजे ३ डेसिबलची घट. ३२ घरांना वाटायचे तर दोनाचा पाचवा घात, म्हणून ५ × ३ = १५ डेसिबल. प्रत्यक्षात १७ च्या आसपास धरतात. केंद्रातील यंत्र व घरातील डबा मिळून साधारण २८ डेसिबल घट सोसू शकतात. सांधे आणि सुरक्षिततेसाठी ३ बाजूला ठेवले तर ८ उरतात. तंतूत किलोमीटरमागे घट असते सुमारे ०.३५ डेसिबल. आता ८ ला ०.३५ ने भागा. उत्तर २० किलोमीटरच्या पुढे जाते. जळगाव किंवा धुळे शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊनही प्रकाश शिल्लक राहतो.

या हिशेबातील खरी काटछाट कोठे झाली ते विद्यार्थ्यांना विचारावे. २८ पैकी १७ डेसिबल वाटण्यात गेले, अंतरात नव्हे. पैशाचेही तसेच आहे. अंतराचा प्रश्न मागे पडला आणि मोजणीचा प्रश्न पुढे आला: एका गल्लीत किती घरे आहेत आणि त्यांतली किती जोडणी घेतील?

तीनशे मीटरचा हिशेब

पुढील आकडे आम्ही केवळ समजण्यासाठी धरले आहेत. ते कोणत्याही कंपनीचे नाहीत. आपल्या गावातील आकडे घालून ते पुन्हा करावेत.

समजा, ३०० मीटर लांबीच्या गल्लीत फायबर ओढणे, डब्या बसवणे, सांधे करणे आणि केंद्रातील यंत्राचा वाटा या सर्वांना ६० हजार रुपये लागतात. हा खर्च एक ग्राहक असो की शंभर, जवळपास तेवढाच. त्याशिवाय प्रत्येक जोडणीला घरापर्यंतची तार व घरातला डबा यांचे १५०० रुपये. महिन्याच्या बिलातून सर्व चालू खर्च वजा जाता ग्राहकामागे १०० रुपये उरतात असे धरू.

आता दोन गल्ल्या घेऊ. १८१८ साली खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आल्यावर कॅप्टन ब्रिग्ज याने धुळ्याला मुख्य ठाणे केले आणि सरळ रस्त्यांची नवी पेठ आखली. नंबराने ओळखल्या जाणाऱ्या त्या गल्ल्यांत घरांचा दर्शनी भाग अरुंद आणि खोली भरपूर असते. पाच मीटरला एक घर धरले तर दोन्ही बाजू मिळून १२० घरे होतात. वरचे मजले व भाडेकरू धरून २०० कुटुंबे. उलट शहराबाहेरच्या बिनशेती प्लॉटांच्या कॉलनीत बारा मीटर रुंदीचा एक प्लॉट, म्हणून दोन्ही बाजूंना ५०. त्यांतले निम्मे गुंतवणूक म्हणून रिकामे, बाभळी वाढलेले. राहिली २५ घरे.

चारातल्या एका कुटुंबाने जोडणी घेतली तर जुन्या गल्लीत ५० ग्राहक होतात. एका ग्राहकावर गल्लीच्या खर्चाचे १२०० आणि जोडणीचे १५०० मिळून २७०० रुपये पडतात. १०० रुपयांप्रमाणे ते २७ महिन्यांत वसूल. नव्या कॉलनीत ग्राहक फक्त ६. एकावर १० हजार अधिक १५०० पडतात आणि वसुलीला ११५ महिने, म्हणजे साडेनऊ वर्षे लागतात. तोवर यंत्रे जुनी होऊन बदलण्याची वेळ येते.

आता दुसरा पुरवठादार आला असे धरा. तोही आपली स्वतंत्र तार टाकतो, म्हणजे ६० हजार पुन्हा. ग्राहक मात्र तेवढेच, दोघांत वाटलेले. जुन्या गल्लीत प्रत्येकाला २५ मिळतात व वसुली ३९ महिन्यांवर जाते. जड असले तरी जमण्यासारखे आहे. कॉलनीत प्रत्येकाला ३ ग्राहक, वसुली २१५ महिने, जवळजवळ अठरा वर्षे. कोण येईल? म्हणून एका ठिकाणी चार तारा लोंबतात आणि दुसरीकडे एक.

पण दाटी म्हणजे सर्व काही नव्हे. त्याच कॉलनीत डॉक्टर, बँकेतले अधिकारी, घरून काम करणारी मुले राहत असतील आणि २५ पैकी १२ घरांनी महागडी योजना घेऊन ग्राहकामागे २०० रुपये उरू लागले, तर वसुली ३२-३३ महिन्यांवर येते. मग त्या कॉलनीत स्पर्धासुद्धा दिसेल. याउलट मजुरांच्या एखाद्या दाट वस्तीत कुटुंबे २०० असली तरी विसातल्या एकानेच जोडणी घेतली तर १० ग्राहक होतात आणि वसुली ७५ महिन्यांवर जाते. तेथे लोक मोबाईलच्या डेटावर भागवतात. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ बाजारात आल्यानंतर हा डेटा स्वस्त झाला. देशात २०२४ च्या अखेरीस तारेच्या ब्रॉडबँडचे ग्राहक ४ कोटींच्या आसपास होते आणि मोबाईलवरचे सुमारे ९० कोटी. हे दोन आकडे शेजारी ठेवले की तारेचे इंटरनेट अजून किती थोड्या घरांपर्यंत गेले आहे ते कळते.

दर सारखा, म्हणूनच जागा वेगळी

येथे एक शंका येईल. मोठ्या कंपन्यांचे दरपत्रक तर देशभर बहुतेक एकच असते. जिओफायबरने २०१९ साली ६९९ रुपयांपासून आणि २०२० साली ३९९ रुपयांपासून योजना जाहीर केल्या त्या मुंबईला एक व जळगावला दुसऱ्या अशा नव्हत्या. मग वस्तीप्रमाणे किंमत बदलते म्हणायचे कसे?

आम्हांला वाटते, या प्रश्नातच उत्तर आहे. खर्च गल्लीगल्लीला वेगळा आणि दर मात्र सर्वत्र एक ठेवायचा, तर कंपनीच्या हातात बदलण्यासारखी एकच गोष्ट उरते: कोणत्या गल्लीत जायचे. खर्चातला फरक बिलावर दिसत नाही, तो 'आपल्या भागात सेवा उपलब्ध नाही' या वाक्यात दिसतो. आमच्यापैकी एकाने हे वाक्य तीनदा ऐकले. त्याच्या घराच्या कोपऱ्यावरून त्याच पुरवठादाराची तार जात होती. शेवटी तार लावायला आलेल्या मुलाने खरे कारण सांगितले. डबीतली सगळी तोंडे भरली होती, आणि चार घरांसाठी दुसरी डबी बसवायला वरून परवानगी मिळत नव्हती.

खानदेशात काळी-पिवळी जीपने प्रवास केलेल्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. भाडे ठरलेले असते. गाडी भरल्याशिवाय हलत नाही, आणि ज्या फाट्यावर माणसे नसतात तिकडे ती जातच नाही. एसटी मात्र अर्धी रिकामी असली तरी जाते, कारण भरलेल्या मार्गावरचे उत्पन्न व सरकारचे पैसे तिच्या पाठीशी असतात. इंटरनेटच्या क्षेत्रात 'एसटी'चे काम करणारा निधी २००२ पासून आहे. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित उत्पन्नातून ५ टक्के रक्कम त्यासाठी घेतली जाते. आता त्याचे नाव डिजिटल भारत निधी असे आहे. त्याच्या पैशातून ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेणारी योजना २०११ साली मंजूर झाली, ती पुढे भारतनेट म्हणून ओळखली जाऊ लागली. पण तिचे उद्दिष्ट ग्रामपंचायतीचे कार्यालय हे होते. शहराच्या कडेची, अर्धी वसलेली कॉलनी या निधीच्या नजरेत पूर्वी फारशी नव्हती. ती ना खेडे, ना पुरते शहर.

दर न बदलता बोजा वाढवण्याचे आणखी मार्ग असतात. तार ओढण्याचे शुल्क, डब्याची अनामत, सहा महिन्यांचे आगाऊ पैसे. ज्या गल्लीत चौघे आहेत तेथे हे 'माफ' होते. ज्या वस्तीत एकच आहे तेथे माफ करण्याचे त्याला कारण नसते. दोन वस्त्यांची तुलना करताना महिन्याचे बिल विचारू नये. पहिल्या वर्षात खिशातून एकूण किती गेले ते विचारावे.

केबलवाल्याचा जुना नकाशा

आमच्या हिशेबात एक गोष्ट सुटली. आर्थिकदृष्ट्या अगदी सारख्या दोन शेजारच्या गल्ल्यांतही पुरवठादार वेगळे आढळतात. याचे कारण तीस-पस्तीस वर्षे मागे आहे.

१९९१ च्या आखाती युद्धाच्या सुमारास शहरोशहरी गच्च्यांवर मोठ्या तबकड्या दिसू लागल्या. गल्लीतला एखादा धडपड्या तरुण तबकडी बसवी आणि गच्चीवरून गच्चीवर तार टाकून शंभर घरांना चॅनेल दाखवी. १९९५ च्या कायद्याने या मंडळींना पोस्टात नोंदणी करणे भाग पडले. पण कोणाचा भाग कोठे संपतो हे कायद्याने ठरवले नव्हते. ते आपसांत ठरले, क्वचित भांडून. नाला, मोठा रस्ता, मंदिराचा चौक अशा त्या हद्दी होत्या. पुढे घरोघरी फायबर न्यायची वेळ आली तेव्हा कंपन्यांना गल्लीतल्या खांबांची, गच्च्यांची आणि माणसांची ओळख असलेला भागीदार हवा होता. तो तयार होताच. बीएसएनएलने फायबरसाठी उत्पन्नातला वाटा देऊन स्थानिक भागीदार घेतले. रेल्वेच्या मालकीची रेलटेल ही कंपनी आपली रेलवायर सेवा स्थानिक केबलचालकांमार्फत देते. रिलायन्सने २०१८ साली हॅथवे आणि डेन या केबल कंपन्यांचा ताबा घेण्याचे जाहीर केले, त्यामागेही घरापर्यंत गेलेली तयार तार हे एक मोठे कारण होते. म्हणून आजच्या इंटरनेटच्या नकाशावर नव्वदच्या दशकातल्या केबलच्या हद्दी पुष्कळदा जशाच्या तशा उमटलेल्या दिसतात. ज्या केबलचालकाने ज्या कंपनीशी करार केला, ती कंपनी त्याच्या गल्लीत आधी आली.

नव्या कॉलन्यांना ही परंपराच नाही. त्या वसल्या तेव्हा घरोघरी छत्री आली होती, केबलवाला तेथे कधी गेलाच नाही.

परवान्याचीही हद्द असते. २०१३ पासूनच्या एकीकृत परवाना पद्धतीत इंटरनेट पुरवठादारांचे तीन वर्ग केले गेले: 'अ' वर्गाला सारा देश, 'ब' वर्गाला एक दूरसंचार परिमंडळ, 'क' वर्गाला एक दूरसंचार जिल्हा. जळगाव व धुळे हे दोन वेगळे दूरसंचार जिल्हे आहेत. नंदुरबार धुळ्यात मोडते. जळगावात उत्तम चाललेला 'क' वर्गाचा लहान पुरवठादार पारोळ्याच्या पुढे सरकून धुळ्यात शिरू शकत नसे. त्यासाठी त्याला वेगळा परवाना हवा. दोन शहरांत साठ मैलांचेही अंतर नसताना स्थानिक नावे वेगळी दिसतात त्यामागे हे एक कारण आहे.

लहान पुरवठादाराची दुसरी अडचण गल्लीत नसते, ती गावाच्या वेशीवर असते. त्याला बाहेरच्या जगाशी जोडणारी मोठी वाहिनी कोणाकडून तरी विकत घ्यावी लागते. भारताला जगाशी जोडणाऱ्या समुद्री तारा मुख्यतः मुंबई व चेन्नई येथे किनाऱ्याला लागतात. जळगाव मुंबईपासून रेल्वेने सुमारे ४२० किलोमीटर. काचेत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे हे अंतर तो दोन सहस्रांश सेकंदात कापतो. वेगाचा येथे प्रश्नच नाही. प्रश्न हा की वाहिनी विकणारे किती आहेत. या बाबतीत दोन्ही शहरे सुदैवी आहेत. जळगावला मुंबई-हावडा आणि सुरतेकडील लोहमार्ग मिळतात, धुळ्याला मुंबई-आग्रा व सुरत-नागपूर महामार्ग एकमेकांना छेदतात, आणि मोठ्या तारा रुळांच्या व महामार्गांच्या कडेने जातात. तरीही पुरवठादार वाहिनी तोलूनमापून घेतो. एका तंतूवरचा सेकंदाला अडीच गिगाबिटचा वेग ३२ घरांनी एकाच क्षणी वापरला तरी प्रत्येकी ७८ मेगाबिट येतात. मग रात्री नऊला चित्र अडखळते ते का? बहुधा गल्लीतल्या तंतूमुळे नाही. वेशीवर घेतलेली वाहिनी त्या वेळी अपुरी पडते म्हणून.

महामार्गाकडेच्या खेड्यांना मात्र याचा उपयोग होत नाही. तार त्यांच्या बांधावरून जाते, पण ती मधेच उघडता येत नाही. पाट शेताजवळून गेला तरी चारी काढलेली नसेल तर पीक कोरडेच, तसे हे. मात्र एकदा गावापर्यंत चारी आली की खानदेशातले सपाटीवरचे खेडे फायबरला सोयीचे असते. रावेर-यावलकडे पाहा. शेते लांब पसरलेली असली तरी घरे गावठाणात एकाला एक लागून. कोकणातल्या विखुरलेल्या वाड्यांशी तुलना केली तर तीनशे मीटरचा आपला हिशेब येथे कितीतरी हलका होतो. सातपुड्यातल्या पाड्यांवर तो पुन्हा कोलमडतो. घरे टेकडीटेकडीवर, प्रत्येक घर पुढच्या घरापासून दूर. तेथे मनोऱ्यावरून बिनतारी जोडणी हाच आज व्यवहार्य मार्ग दिसतो.

शहरातल्या कॉलनीने काय करावे? पांझरेच्या खोऱ्यात शेकडो वर्षे चालत आलेली फड पद्धत आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. एका फडातले सर्व शेतकरी एका हंगामात एकच पीक घेत, त्यामुळे पाणी एकाच वेळी सोडून सर्वांचे भागे. पुरवठादाराची भीती हीच असते की तार टाकल्यावर किती जण घेतील कोण जाणे. कॉलनीतील २५ पैकी १८ घरांची सह्यांची यादी त्याच्यापुढे ठेवली तर आपल्याच आकड्यांनी वसुली ११५ महिन्यांवरून ४८ वर येते. या यादीसह दोघा-तिघांना विचारावे आणि तार ओढण्याचे शुल्क कोण माफ करतो ते पाहावे.

हा हिशेब शाळेसाठीही महत्त्वाचा आहे. २०२० च्या जूनपासून वर्ग मोबाईलवर भरले तेव्हा कोणती मुले दिसेनाशी झाली ते प्रत्येक शिक्षकाला आठवत असेल. आजही गृहपाठाला चित्रफीत देताना किंवा महाडीबीटीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज 'घरून भरा' असे सांगताना आपण सर्व गल्ल्या सारख्या धरतो.

नववी-दहावीच्या मुलांकडून एक पाहणी करून घेता येईल. प्रत्येकाने आपल्या गल्लीची १०० मीटर लांबी पावलांनी मोजावी, दोन्ही बाजूंची राहती घरे व रिकामे प्लॉट मोजावेत आणि पाच घरांत तीन प्रश्न विचारावेत: जोडणी आहे का, गल्लीत किती पुरवठादार येतात, पहिल्या वर्षी एकूण किती खर्च झाला. नावे लिहू नयेत. आडव्या अक्षावर दर १०० मीटरमधील घरे व उभ्या अक्षावर पुरवठादारांची संख्या घेऊन आलेखकागदावर बिंदू मांडावेत. काही बिंदू रेषेपासून दूर पडतील, त्यांच्यावर चर्चा करावी. तेथे जुना केबलवाला सापडतो का, नुकताच रस्ता खोदलेला आहे का, की लोक मोबाईलवरच समाधानी आहेत? खांबावरील तारा व डब्या खालूनच मोजायच्या. खांबाला हात लावायचा नाही, त्यावर विजेची तारही असते.